चेंबरलेनकडे कुठली पदवी होती?

जबलपूरच्या मराठी घरात बारावीतल्या मुलाने ‘मला गेम डिझाइन शिकायचंय’ म्हटले, की उत्तर ठरलेले असते. आधी कॉम्प्युटर सायन्स घे, गेम काय नंतरही करता येतील! हे नुसते वडीलधाऱ्यांचे मत असते तर सोडून देता आले असते. पण गेमच्या धंद्यात मुरलेले लोकही तेच म्हणतात आणि त्यांच्याकडे दाखले आहेत. १९८४ साली मॉस्कोत टेट्रिस रचणारा अलेक्सी पाजित्नोव्ह संगणकातला माणूस होता. ‘सिमसिटी’वाल्या विल राइटने पदवी पुरीच केली नाही. शिवाय जबलपूरकराला तर घरचाच दाखला सापडतो. स्नूकर जन्मले ते याच गावच्या छावणीत, १८७५ मध्ये. ते काढणारा नेव्हिल चेंबरलेन (पुढे पंतप्रधान झाला तो नव्हे) एकोणीस वर्षांचा लष्करी अधिकारी होता. त्याने कुठे डिझाइनची पदवी घेतली होती?

पूर्वपक्ष भक्कम आहे. म्हणून त्याचा सर्वांत भक्कम दाखलाच आधी तपासू.

पावसाळ्यात मेसमध्ये अडकलेले अधिकारी बिलियर्डच्या टेबलाभोवती जमत. ‘पिरॅमिड्स’ या खेळात पंधरा लाल चेंडू होते, ‘ब्लॅक पूल’मध्ये काळा होता. चेंबरलेनने या जुन्या खेळांची मोट बांधली आणि आणखी रंगीत चेंडू घातले. आज दिसणारे सगळे रंग पहिल्या दिवशी टेबलावर नव्हते. काही मागून आले. नियम नीट लिहून काढले गेले ते १८८० नंतर, उटीच्या क्लबात. म्हणजे जबलपूर ते उटी या प्रवासात काही वर्षे हा खेळ रोज खेळला गेला, त्यावर वाद झाले, नियम बदलले.

त्यातून काय निघाले ते पाहण्याजोगे आहे. लाल चेंडू शिल्लक असेतो खड्ड्यात घातलेला रंगीत चेंडू टेबलावर परत येतो. त्यामुळे सात गुणांचा काळा पुन्हा पुन्हा मिळू शकतो, पण दर वेळी मध्ये एक लाल टिपावाच लागतो. हावरा खेळाडू काळ्याच्या मागे लागतो. सावध माणूस पांढरा चेंडू कुणाच्या तरी आड लपवून प्रतिस्पर्ध्याची कोंडी करतो. दोघांनाही जिंकण्याची वाट मोकळी राहते. हा तोल कागदावर गणित मांडून साधत नाही. खेळणारा कुठे कंटाळतो, कुठे चिडतो, कुठे नियमाला बगल देतो, हे बघत बसावे लागते. गेमवाले याला प्लेटेस्टिंग म्हणतात.

तेव्हा चेंबरलेनकडे पदवी नव्हती हे खरे, पण त्याच्याकडे रोज हजर राहणारे, भांडकुदळ आणि भरपूर रिकामा वेळ असलेले खेळाडू होते. आजच्या अठरा वर्षांच्या मुलाला अशी मेस कोण देणार? चांगला अभ्यासक्रम नेमकी तीच देतो.

इथे ‘कोडिंग आले की झाले’ हे मतही कोसळते. चेंडू परत टेबलावर ठेवायचा कोड दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही लिहील. तो ठेवावा की नाही, हे कोड सांगत नाही. मारिओचा जनक शिगेरू मियामोतो प्रोग्रॅमर नव्हे, कानाझावाच्या कला महाविद्यालयात औद्योगिक डिझाइन शिकलेला. अमेरिकेतल्या डिजिपेन संस्थेच्या विद्यार्थ्यांनी २००५ मध्ये ‘नार्बॅक्युलर ड्रॉप’ हा छोटा गेम केला. व्हॉल्व्ह कंपनीने तो पाहून अख्ख्या चमूलाच नोकरी दिली, आणि २००७ चा ‘पोर्टल’ त्याच कल्पनेतून उभा राहिला. ज्या कल्पनेवर कंपनीने पैसा लावला, ती वर्गात घडली होती.

विरोधकांचे एक म्हणणे मात्र मला पूर्ण मान्य आहे. गेम डिझाइनच्या नावाखाली लाखोंची फी घेऊन युनिटी नाहीतर अनरिअलची बटणे शिकवणारी दुकाने आहेत. तिथे शिकवतात ते सॉफ्टवेअर, आणि ते तर फुकट व्हिडिओ पाहूनही येते. पण या दुकानांमुळे विषय खोटा ठरत नाही. भोंदू वैद्य आहेत म्हणून कुणी वैद्यकाचे कॉलेज बंद करत नाही.

अशी मेस जबलपुरातही आहे. डुमना रस्त्यावरच्या ट्रिपल आयटीडीएम या संस्थेत (स्थापना २००५) जेईई देऊन बी.टेक.ला आलेली आणि यूसीड देऊन बी.डेस.ला आलेली मुले एकाच आवारात राहतात. पदवीवर ‘गेम’ लिहिलेले नसले तरी कोड लिहिणारा आणि चित्र काढणारा रात्री एकाच मेसमध्ये जेवतात, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. जबलपूरच्या पालकांनी ती हिशेबात धरलेली क्वचितच दिसते.

राहिली नोकरी. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली, तेव्हापासून ‘धंदाच बुडाला’ हे नवे पालुपद ऐकू येते. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि बिनपैशाचे गेम मात्र वेगळे काढून मान्य केले आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेल्या ‘राजी’त कुठलीही पैज नव्हती. अर्थात पदवीच्या कागदावर या क्षेत्रात कुणी नोकरी देत नाही. आधी केलेले गेम मागतात. म्हणून प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन पहिल्या वर्षाच्या मुलांनी केलेला एखादा गेम स्वतः खेळून बघावा. इतरांनी खेळल्यावर त्यातले काय काढून टाकले, हेही विचारावे. उत्तराऐवजी नवी कोरी कॉम्प्युटर लॅब दाखवायला नेले, तर मुलाला बी.टेक.लाच घालावे.