सरकारी कर्ज आणि राजसत्ता

सरकारी कर्जाचा विचार करताना उत्पन्न किती, खर्च किती आणि व्याजाचा दर काय, एवढेच प्रश्न बहुधा विचारले जातात. परंतु कर्ज कोणी केले, कशासाठी केले आणि फेडीचा भार कोणाच्या शिरावर पडला, हे प्रश्न त्याहून महत्त्वाचे होत. करवीर संस्थानचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे.

इ. स. १७६५ मध्ये कंपनी सरकारने मालवणवर स्वारी करून सिंधुदुर्ग घेतला. तो परत मिळविण्यासाठी करवीर दरबारास द्रव्य देण्याचे कबूल करावे लागले. १७९२ मध्ये इंग्रज व्यापाऱ्यांच्या नुकसानीची भरपाईही त्याच दरबारावर बसली. तरीही हे दोन सत्तांमधील तह होते. १८४४ मध्ये तेवढेही उरले नाही. राजे अल्पवयीन होते व कारभार इंग्रजांनी नेमलेल्या दाजी कृष्ण पंडितांच्या हाती होता. गडकऱ्यांच्या जमिनींची व्यवस्था मामलेदारांकडे सोपविली जाताच सामानगड व भुदरगड येथील गडकरी उठले. बंड मोडले गेले, किल्ले निकामी करण्यात आले आणि बंदोबस्ताचा खर्च संस्थानच्या नावे मांडला गेला. ज्या धोरणातून बंड उद्भवले ते ठरविताना रयतेला कोणी विचारले नव्हते; पैसा मात्र तिच्या साऱ्यातूनच जावयाचा होता.

तेरा वर्षांनी हाच प्रकार साऱ्या हिंदुस्थानच्या बाबतीत घडला. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरातील २७ व्या पलटणीने उठाव केला. देशभरचे असे उठाव मोडण्याचा खर्च सुमारे ४ कोटी पौंड झाला व तो हिंदुस्थानच्या कर्जात जमा झाला. १८५८ च्या कायद्याने कंपनीचे कर्ज आणि तिच्या भागीदारांना द्यावयाचा नफा हेही याच देशाच्या महसुलावर लादले गेले. या देण्यांचा न्याय काय, हे तपासण्यासाठी १९३१ मध्ये काँग्रेसने एक समितीही नेमली होती.

दुसऱ्या महायुद्धाने पारडे उलटले. ब्रिटनने हिंदुस्थानातून उधारीवर माल व सेवा घेतल्या आणि ऋणको देश धनको झाला. युद्धाअखेर सुमारे १,७०० कोटी रुपये येणे होते. परंतु त्या उधारीपोटी येथे नोटा छापल्या गेल्या, महागाई भडकली आणि १९४३ मध्ये बंगालने भीषण दुष्काळ भोगला. म्हणजे देश ऋणको असो वा धनको, ज्याला कारभारात आवाज नाही त्यालाच भार वाहावा लागला.

कर्ज स्वभावतः वाईट नव्हे. पाटबंधाऱ्यात घातलेला पैसा पिकाच्या रूपाने परत येतो. दडपशाहीत घातलेला पैसा केवळ व्याज मागत राहतो. १ मार्च १९४९ रोजी करवीर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि १९५० च्या राज्यघटनेने सरकारी कर्जाची मर्यादा ठरविण्याचा अधिकार लोकप्रतिनिधींच्या सभागृहांना दिला. तेव्हापासून कर्जरोख्यावर अप्रत्यक्ष सही मतदाराचीच असते. गडकऱ्यांच्या काळच्या रयतेला हिशेब विचारण्याचा हक्क नव्हता. आजच्या नागरिकाने तो न विचारल्यास दोष त्याचाच.