जोगळटेंभीचा ठेवा आणि नाण्याचे मोल

नाशिक रोडच्या पूर्वेला, दारणा आणि गोदावरी यांच्या संगमाजवळ जोगळटेंभी हे गाव आहे. १९०६ मध्ये येथे चांदीच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांचा ठेवा सापडला. नाणी क्षहरात क्षत्रप नहपान याची होती. एका बाजूस राजाचे मस्तक व ग्रीक लिपीतील अक्षरे, तर दुसऱ्या बाजूस बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींत राजाचे नाव, अशी त्यांची घडण आहे. त्यांतील ९ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवलेला आहे. एकीकडे तीन कमानींचा चैत्य व त्याचे नाव, दुसरीकडे उज्जैन चिन्ह.

गौतमीपुत्राने क्षहरात कुळ निखंदून काढले, असे नाशिकच्या पांडवलेण्यातील शिलालेख सांगतो. जोगळटेंभीच्या नाण्यांनी त्याला भक्कम दुजोरा दिला. नहपानाचा जावई उषवदात याच्या तेथीलच लेखात ७०,००० कार्षापणांचे, म्हणजे चांदीच्या नाण्यांचे, दान आणि ३५ कार्षापणांना एक सुवर्ण (सोन्याचे नाणे) हा दरही नोंदलेला आहे. लेख आणि नाणी एकत्र वाचल्यावर त्या काळाचा व्यवहार उलगडतो.

जोगळटेंभीची नाणी हजारोंनी सापडली, म्हणजे संख्येने ती दुर्मिळ नव्हेत. तरीही इतिहासात त्यांचे स्थान फार वरचे आहे. संग्राहकाने म्हणूनच निव्वळ दुर्मिळतेला भुलू नये. नाणे कोठे व कशासोबत सापडले याची नोंद आधी पाहावी. ठसा मारलेल्या नाण्यांत दोन्ही राजांची अक्षरे वाचता येतील असा नमुना अधिक मोलाचा ठरतो.

मराठेशाहीतील रुपयांना निराळी कसोटी लागते. नाशिकचे रुपये गुलशनाबाद या टाकसाळनावाने पडत. जिल्ह्यात चांदवडलाही टाकसाळ होती. या काळात ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे मजकुराचा काही भाग नाण्याबाहेर जाई. टाकसाळीचे नाव आणि वर्ष दोन्ही पूर्ण उतरलेला रुपया म्हणूनच हवासा असतो.

जुने नाणे घासून चकचकीत केल्यास बारीक अक्षरे झिजतात आणि त्याचे मोल घटते. जमिनीत सापडलेला ठेवा १८७८ च्या कायद्यानुसार सरकारला कळवावा लागतो. ठेवा वाटून विकला गेला की नाण्यांचा एकमेकांशी असलेला संबंध तुटतो, आणि मग चांदी शिल्लक राहिली तरी पुरावा नाहीसा होतो. नाशिकजवळच्या अंजनेरी येथील नाणेशास्त्र संशोधन संस्थेत या विषयाचा पद्धतशीर अभ्यास करता येतो.