देवमाशांचे किनाऱ्याला लागणे

देवमासे, डॉल्फिन आदी सागरी सस्तन प्राणी उथळ पाण्यात वा वाळूत अडकणे आणि बहुधा तेथेच मरणे. डॉल्फिन कधीकधी उघड कारण नसताना किनाऱ्यावर येतात, अशी नोंद ॲरिस्टॉटलने करून ठेवली आहे.

एकटा प्राणी लागणे आणि अख्खा कळप लागणे या वेगळ्या गोष्टी आहेत. बातम्यांत त्यांची सर्रास गल्लत होते. एकटा प्राणी बहुधा आजारी, जखमी, म्हातारा किंवा आईपासून तुटलेले पिल्लू असतो. पुष्कळदा तो समुद्रातच मेलेला असतो आणि लाटांबरोबर नुसता वाहत येतो. जानेवारी 2016 मध्ये जुहूला आलेला ब्राइड देवमासा असाच मृत होता. जून 2015 मध्ये रेवदंड्याला लागलेला सुमारे 42 फुटी निळा देवमासा मात्र जिवंत होता. तो किनाऱ्यावरच मेला.

कळपाने लागणारे बहुतेक पायलट देवमासे असतात. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील फेअरवेल स्पिट हे त्यांचे कुप्रसिद्ध ठिकाण. वाळूचा हा लांबलचक, वाकडा दांडा गोल्डन बे या उपसागराला कवेत घेतो. आत शिरलेल्या कळपाला बाहेरची वाट सापडत नाही. तळ इतका मंद उताराचा आहे, की प्रतिध्वनीवरून अंतर ओळखणाऱ्या या प्राण्यांना पुढे किनारा असल्याची चाहूल नीट लागत नसावी. ओहोटीला पाणी काही किलोमीटर मागे सरते आणि कळप कोरड्यावर राहतो. फेब्रुवारी 2017 मध्ये येथे एका रात्रीत 400 हून अधिक देवमासे लागले. त्यांतील बहुसंख्य सकाळपर्यंत मेले होते.

या प्राण्यांची एकमेकांवरची माया येथे त्यांच्याच मुळावर येते. एक अडकला की बाकीचे त्याच्याभोवती घुटमळतात. पाण्यात ढकललेलेही अडकलेल्यांकडे परततात. तमिळनाडूतील मणपाडच्या किनाऱ्यावर जानेवारी 2016 मध्ये मच्छीमारांना हाच अनुभव आला. त्याच किनाऱ्यावर 1973 मध्येही शंभरावर पायलट देवमासे लागले होते.

मृत्यूचे कारण पाण्याचा अभाव असे सांगितले जाते, ते अपुरे आहे. पाण्याचा आधार सुटताच शरीराचे वजन फुप्फुसांवर व स्नायूंवर येते. चरबीच्या जाड थरामुळे उष्णता बाहेर पडत नाही. कुशीवर कलंडलेला प्राणी भरतीचे पाणी डोक्यावरील श्वासछिद्रात शिरून बुडतोही.

किनाऱ्याला लागण्यामागे माणसाचा हात सर्वांत स्पष्ट दिसतो तो नौदलाच्या सोनारबाबत, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून शोध घेणाऱ्या यंत्रणेबाबत. मार्च 2000 मध्ये बहामा बेटांजवळ अमेरिकी नौदलाच्या सरावाच्या वेळी चोचवाले देवमासे किनाऱ्याला लागले आणि चौकशीत सोनारवर ठपका आला. कॅनरी बेटांजवळ 2002 मध्ये अशाच सरावानंतर मेलेल्या देवमाशांच्या ऊतींत वायूचे बुडबुडे सापडले. खोल बुडणारा प्राणी आवाजाने घाबरून नेहमीची बुडी मोडतो आणि त्यामुळे हे बुडबुडे तयार होतात, असा त्यावरून तर्क आहे. स्पेनने 2004 मध्ये त्या बेटांभोवती असा सोनार बंद केला. त्यानंतर तेथे चोचवाल्या देवमाशांचे तसे सामूहिक मृत्यू थांबले.