रंगभूमीवरील वार्धक्य : बालगंधर्वांच्या उत्तरायुष्याची साधने आणि त्यांचे वाचन

प्रस्तावना :

मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासलेखनात नारायण श्रीपाद राजहंस तथा बालगंधर्व (1888-1967) यांच्याविषयी विपुल लेखन झालेले आहे. तथापि या लेखनाचा बहुतांश भर 1905 मधील किर्लोस्कर नाटक मंडळीतील प्रवेशापासून 1934 अखेर गंधर्व नाटक मंडळी बंद पडेपर्यंतच्या तीन दशकांवर आहे. त्यानंतर हा कलावंत बत्तीसहून अधिक वर्षे जगला. म्हणजे उत्कर्षकाळाइतकाच, किंबहुना त्याहून थोडा दीर्घ असा हा उत्तरकाळ आहे. चरित्रग्रंथांत मात्र तो ‘शोकांतिका’ या एका शब्दात आटोपला जातो. प्रस्तुत निबंधात या उत्तरकाळाची उपलब्ध साधने कोणती व त्यांचे वाचन कसे झाले, याचा विचार केला आहे.

साधनांचा पेच :

बालगंधर्वांच्या बाबतीत साधनांची विभागणी मोठी विलक्षण आहे. ‘मानापमान’ (1911), ‘स्वयंवर’ (1916), ‘एकच प्याला’ (1919) या नाटकांतील भामिनी, रुक्मिणी व सिंधू ज्या काळात महाराष्ट्राने पाहिल्या, त्या काळात बोलपटाचे तंत्रच अस्तित्वात नव्हते. त्या भूमिकांची छायाचित्रे आहेत, काही मिनिटांत संपणाऱ्या ध्वनिमुद्रिका आहेत आणि प्रेक्षकांच्या आठवणी आहेत. चालणे, वळणे, पदर सावरणे, ‘वन्स मोअर’नंतर तेच पद नव्या अंगाने मांडणे हे सारे केवळ साक्षीवर विसंबून आहे.

चलत्‌चित्राचा पुरावा सुरू होतो तो वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. 1935 मध्ये प्रभातशी भागीदारी करून निघालेल्या व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘धर्मात्मा’त त्यांनी संत एकनाथांची, म्हणजे पुरुषाची भूमिका केली. ही भागीदारी एका चित्रपटातच संपली. पुढे बाबूराव पेंटर यांच्या ‘साध्वी मीराबाई’त (1937) ते पुन्हा स्त्रीवेषात दिसले, तेव्हा ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. रंगमंचावर काही अंतरावरून, दिव्यांच्या योजनेत व गायनाच्या धुंदीत जे वय प्रेक्षक विसरत असे, ते कॅमेऱ्याने विसरण्याचे कारण नव्हते. अशा रीतीने तारुण्य आठवणींत व वार्धक्य फितीवर, अशी ही वाटणी झाली. साहजिकच पुढील पिढ्यांनी आठवणींना श्रद्धेने स्वीकारले आणि चित्रफितीकडे पाहून हळहळ व्यक्त केली. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र ही दोन साधने एकाच मापाने मोजणे धोक्याचे आहे. स्तुतिपर आठवण आणि निर्दय भिंग यांची तुलना मुळात समपातळीवरची नाही.

थांबता का आले नाही :

‘त्यांनी वेळीच थांबायला हवे होते’ हा अभिप्राय इतका रूढ झाला आहे की त्यामागील आर्थिक व संस्थात्मक कारणे दृष्टीआड होतात. येथे एका समकालीनाशी तुलना उद्बोधक ठरेल. गुजराती रंगभूमीवरील स्त्रीभूमिकांचे श्रेष्ठ नट जयशंकर ‘सुंदरी’ (1889-1975) हे बालगंधर्वांहून केवळ एका वर्षाने लहान. त्यांनी 1932 मध्ये रंगभूमीवरून निवृत्ती पत्करली आणि पुढे ते दिग्दर्शक व शिक्षक म्हणून अहमदाबादेत परतले. ‘मेना गुर्जरी’ (1953) हे त्या दुसऱ्या पर्वाचे फळ. त्यांना हे जमले, कारण ते प्रामुख्याने मंडळींचे पगारी नट होते. बालगंधर्व 1913 पासून मंडळीचे संस्थापक-भागीदार व पुढे मालक होते. नटांचे व वादकांचे पगार, भरजरी पोशाख, सजावट, तिरखवाँसाहेबांसारखे साथीदार हा सारा डोलारा एका देहावर उभा होता. 1921 च्या सुमारास कर्जाचा डोंगर झाला, तेव्हा हितचिंतकांच्या देणगीपेक्षा प्रयोग करून फेड करण्याचा मार्ग त्यांनी निवडला. त्याची वाखाणणी सर्वांनी केली. पण हाच मार्ग वयाच्या पन्नाशीनंतर चोखाळला, तेव्हा तो हट्ट ठरला.

दरम्यान स्त्रीभूमिकेचा पायाच सरकला होता. 1929 मध्ये हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची नाटक मंडळी काढली, 1933 मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे व पद्मा वर्तक रंगमंचावर आल्या, 1932 च्या ‘अयोध्येचा राजा’त दुर्गा खोटे दिसल्या होत्या. स्त्रीचे काम स्त्रीने करणे हे आता नवल राहिले नव्हते. बालगंधर्वांचे वय झाले हे खरेच. परंतु ज्या संकेतावर त्यांची कला उभी होती, तो संकेतही त्याच दशकात म्हातारा झाला.

गोहरबाईंचा प्रश्न :

1937-38 च्या सुमारास गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या. बालगंधर्वांच्या गायकीचा त्यांच्यावर गाढ प्रभाव होता. स्त्रीभूमिका त्यांच्याकडे जाऊ लागल्या व नारायणराव काही नाटकांत पुरुषवेषात उभे राहिले. प्रेक्षकांना ते रुचले नाही. 1951 मध्ये दोघांचा विवाह झाला. मराठी चरित्रलेखनाने या बाईंना दीर्घकाळ अधःपाताचे कारण म्हणून रंगविले. त्या लेखनात धर्म, जात व गायिकांच्या घराण्यांविषयीचा आकस लपत नाही. मंडळी त्यांच्या आगमनाआधीच बंद पडली होती, एवढा साधा कालक्रमही या आरोपात पाळला गेलेला नाही. नारायणरावांचे पाय निकामी झाल्यानंतर 1964 मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत त्यांचे सारे करणाऱ्या त्याच होत्या. शुश्रूषेची नोंद दप्तरात होत नाही, म्हणून ती इतिहासातून गळावी हे न्याय्य नव्हे.

सन्मान मात्र याच काळात आले : 1955 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, 1964 मध्ये पद्मभूषण. 8 ऑक्टोबर 1962 रोजी पुण्यातील नियोजित रंगमंदिराची कोनशिला खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसविण्यात आली. त्याचे उद्घाटन 26 जून 1968 रोजी, त्यांच्या जन्मदिनी झाले. 15 जुलै 1967 रोजी त्यांचे निधन झाले होते. या रंगमंदिरासाठी गोपाळ देऊसकर यांनी दोन तैलचित्रे रंगविली. एकात स्त्रीवेषातील बालगंधर्व आहेत, दुसऱ्यात पुरुषवेषातील नारायणराव. खुर्चीला खिळलेल्या, गोहरबाईंच्या आधाराने भजन गाणाऱ्या वृद्धाचे तिसरे चित्र तेथे नाही.