कोयनेलचा घोट

घरी जिन-टॉनिक करायचा बेत ठरला की सगळी चर्चा जिनभोवती फिरते. कुठली आणली, कितीला पडली, बाटली किती देखणी आहे. टॉनिक वॉटर तोवर ओट्याच्या कडेला उभं असतं, कुणीतरी जाता जाता वाण्याकडून आणलेलं. मला हा मान उलटा द्यावासा वाटतो. पेल्यात एक भाग जिन असली तर अडीच-तीन भाग टॉनिक असतं, आणि घोट गिळल्यावर जिभेच्या मुळाशी जो कडवटपणा रेंगाळतो तो टॉनिकचा. या पेयाचं कूळ शोधायचं तर त्या कडूच्या मागावर निघायला हवं. तो माग वाटेत आपल्या आज्यांच्या तोंडातल्या एका शब्दाला भेटतो. कोयनेल.

माझ्या आजीचं माहेर कोकणातलं. हिवतापाचा विषय निघाला की तिचं तोंड वाकडं व्हायचं, ते तापाच्या आठवणीने नव्हे, औषधाच्या. काडेचिराइताचा काढा कडू खरा, पण कोयनेल घेतलं की कान वाजू लागतात, असं ती सांगायची. यात अतिशयोक्ती नव्हती. क्विनाईनची मात्रा वाढली की कानात गुणगुण सुरू होते, हे वैद्यकाला चांगलं ठाऊक आहे. क्विनाईन हा परका शब्द मराठी जिभेवर घासून कोयनेल झाला आणि घरचाच होऊन बसला. ज्या औषधाने पिढ्यान् पिढ्यांची तोंडं वाकडी केली, त्याचाच अंश आज बर्फावर ओतून लोक हौसेने पितात.

क्विनाईन येतं सिंकोना नावाच्या झाडाच्या सालीतून. हे झाड दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या उतारावरचं, आजच्या पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर या मुलखातलं. सतराव्या शतकात लिमातल्या जेझुइट पाद्र्यांनी ही साल युरोपात धाडली आणि तिची पूड ‘जेझुइट पावडर’ म्हणून विकली जाऊ लागली. पेरूच्या व्हाइसरॉयची पत्नी, चिंचोनची काउंटेस, या सालीने तापातून उठली आणि तिनेच ती युरोपात नेली, अशी गोष्ट पुढे फार पसरली. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1742 मध्ये झाडाला तिचंच नाव दिलं, आणि देताना त्यातलं एक अक्षर गाळलं. काउंटेसच्या आजाराची ही कथा पुढच्या संशोधनात टिकली नाही. नाव मात्र टिकलं.

1820 मध्ये पॅरिसच्या पेलतिए आणि काव्हाँतू या दोन रसायनशास्त्रज्ञांनी सालीतून नेमकं औषधी द्रव्य वेगळं काढलं आणि त्याला क्विनाईन म्हटलं. या शोधाचं पेटंट त्यांनी घेतलं नाही. मला ही दोन माणसं फार मोठी वाटतात. आता सालीची पूड ओंजळीने गिळायची गरज उरली नाही, मात्रा मोजून देता येऊ लागली. 1854 मध्ये डॉ. बेकी नायजर नदीच्या मोहिमेवर गेले तेव्हा त्यांनी बरोबरच्या माणसांना रोज क्विनाईन द्यायचा नेम ठेवला, आणि ज्या नदीने आधीच्या मोहिमांचा घास घेतला होता तिथून सगळे जिवंत परतले. त्यानंतर या सालीचं मोल औषधाच्या पलीकडे गेलं. ज्याच्या हाती साल, त्याचं सैन्य उष्ण कटिबंधात तग धरणार, हे लंडनला आणि हॉलंडला, दोघांनाही कळलं.

इथून पुढची गोष्ट बियांची आहे. इंग्रज सरकारच्या वतीने क्लेमेंट्स मार्कहॅम 1860 मध्ये पेरूत गेले आणि सिंकोनाची रोपं हिंदुस्थानात आणायच्या खटपटीला लागले. त्यांची बरीचशी रोपं प्रवासातल्या उन्हाने मेली. इक्वेडोरमधून रिचर्ड स्प्रूस आणि रॉबर्ट क्रॉस यांनी जमवलेली लाल सालीची जात मात्र निलगिरीत रुजली. उटीच्या बागेत मॅकआयव्हर यांनी एक युक्ती काढली. झाड न तोडता सालीच्या पट्ट्या सोलायच्या आणि उघड्या पडलेल्या जागेवर शेवाळ बांधायचं, म्हणजे साल पुन्हा धरते. जखमेवर पट्टी बांधावी तसं ते शेवाळ बांधलेलं झाड डोळ्यांसमोर आणून पाहा.

महाबळेश्वरला लिंगमळ्याचा धबधबा पाहायला आपण जातो, त्याच लिंगमळ्याला 1860 च्या दशकात सरकारने सिंकोना लावून पाहिला होता. झाडं टिकली नाहीत आणि प्रयोग सोडून द्यावा लागला. तो जमला असता तर स्ट्रॉबेरीच्या शेजारी महाबळेश्वरला कोयनेलचाही मळा दिसला असता.

पण ज्या झाडाने जग जिंकलं त्याचं बी एका वेगळ्याच माणसाने आणलं. मॅन्युएल इंक्रा मामानी हा बोलिव्हियातला आयमारा जमातीचा माणूस, चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्याच्या पदरी होता. सालीची पारख त्याच्याइतकी कुणाला नव्हती. उत्तम जातीच्या झाडांचं बी त्याने आणावं असं लेजरने सांगितलं, आणि एका मोसमामागून दुसऱ्या मोसमात हिमतुषाराने फुलोरा जळत राहिला. चार वर्षं अशी गेली. 1865 मध्ये पिकलेलं बी हाती आलं तेव्हा मामानी ते घेऊन शेकडो मैल पायी चालत लेजरकडे पोचला. सिंकोनाचं बी देशाबाहेर जाऊ देण्यास तिथे बंदी होती. काही वर्षांनी पुन्हा बी गोळा करायला गेला असता तो पकडला गेला. कुणासाठी हे करतोस, असं विचारत त्याला मारलं. त्याने नाव सांगितलं नाही. सुटला, पण त्या मारातून उठला नाही, 1871 मध्ये गेला. झाडाच्या त्या जातीला शास्त्रज्ञांनी नाव दिलं लेजेरियाना.

ते बी आधी इंग्रज सरकारला दाखवलं होतं. त्यांनी घेतलं नाही. डचांनी त्यातलं पौंडभर किरकोळ पैशांत घेतलं आणि जावा बेटावर लावलं. त्या सालीत क्विनाईनचं प्रमाण इतर जातींच्या कितीतरी पट निघालं. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात जगातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास क्विनाईन एकट्या जावातून येत होतं. 1942 मध्ये जपानने जावा घेतलं तेव्हा दोस्तराष्ट्रांच्या फौजांचा कोयनेलचा पुरवठाच तुटला.

हिंदुस्थानात दार्जिलिंगजवळच्या मंगपूला सरकारी मळा आणि कारखाना उभा राहिला. लाल सालीत क्विनाईन बेताचंच, म्हणून तिच्यातली सगळी अल्कलॉइड एकत्र काढून स्वस्त ताप-औषध केलं जाई. 1892 पासून बंगालमध्ये क्विनाईनच्या पुड्या पोस्टात विकायला ठेवल्या, एका पैशाला एक. पत्र टाकायला जावं आणि औषध घेऊन यावं, ही कल्पना मला आजही फार शहाणपणाची वाटते. याच मंगपूच्या कारखान्यात बंगाली लेखिका मैत्रेयी देवींचे पती नोकरीला होते, आणि रवींद्रनाथ ठाकूर 1938 ते 1940 या काळात त्यांच्या घरी अनेकदा राहून गेले. हिवताप पसरवणाऱ्या डासाचा गुन्हा मात्र रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत 20 ऑगस्ट 1897 ला पकडला. तोवर तो ताप कसा पसरतो हे न कळताच माणसं कोयनेल घेत होती.

आता पेल्याकडे येऊ. पाण्यात वायू कोंडायची कला जोसेफ प्रीस्टलीने दाखवली, तिचा धंदा याकोब श्वेप्पेने 1783 मध्ये जिनिव्हात सुरू केला आणि पुढे लंडनला नेला. 1858 मध्ये लंडनच्या इरॅस्मस बाँडने क्विनाईन घातलेल्या फसफसत्या पाण्याचं पेटंट घेतलं. 1870 च्या दशकात श्वेप्सचं ‘इंडियन’ टॉनिक आलं आणि ते नाव आजही बाटल्यांवर आहे.

इथे सर्वांनी ऐकलेली गोष्ट तपासायला हवी. हिंदुस्थानातले गोरे सोजीर कडू क्विनाईन घशाखाली उतरावं म्हणून त्यात साखर, सोडा, लिंबू आणि जिन घालू लागले आणि जिन-टॉनिक जन्मलं, असं सांगतात. क्विनाईन दारूत घेत होते हे खरं. त्याचं मीठ नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाही, दारूत आणि आंबटात विरघळतं. पण बाँडचं पाणी हिवतापावरचं औषध म्हणून निघालं नव्हतं, ते भूक वाढवणारं, अंगात तरतरी आणणारं टॉनिक होतं. आणि जिन व टॉनिक यांची जोडी छापील कागदावर पहिल्यांदा सापडते ती 1868 च्या ‘ओरिएंटल स्पोर्टिंग मॅगझिन’मध्ये, घोड्यांच्या शर्यतीच्या वर्णनात. इस्पितळ नव्हे, शर्यतीचं मैदान! शर्यत संपली, घसा कोरडा पडला, आणि लोकांनी हे मागितलं. मला ही जन्मकथा अधिक खरी वाटते, कारण चव अशीच घडते. आधी सक्ती असते, मग सवय, आणि सवयीचं एके दिवशी शौकात रूपांतर होतं. औषध म्हणून जो कडू जिभेला ठाऊक झाला होता, तो ताप नसतानाही हवासा वाटू लागला.

आजच्या टॉनिकने तर हिवतापाचा केसही वाकडा होणार नाही. अमेरिकेत लिटरमागे जास्तीत जास्त 83 मिलिग्रॅम क्विनाईनची मुभा आहे. हिवतापावर दिवसाला दीड-दोन हजार मिलिग्रॅमच्या घरात मात्रा देत असत, म्हणजे वीस लिटर टॉनिक रिचवावं लागेल. आपल्याकडेही औषधाचा हा आधार दारूला नवा नाही. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर आरोग्याच्या कारणासाठी पिण्याचे परवाने मिळत, आणि पिण्यासाठी परवाना लागतो ही गोष्ट महाराष्ट्रात आजही कायद्यात आहे.

बर्फाचंही कूळ आहेच. 1833 मध्ये ‘टस्कनी’ नावाचं जहाज बोस्टनच्या तळ्यांवरचा 180 टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं, आणि चार महिन्यांनी पोचलं तेव्हाही सुमारे शंभर टन शिल्लक होता. थोड्याच काळात मुंबईतही हा परदेशी बर्फ साठवायला बर्फघर झालं.

जिनबद्दल थोडक्यात. नाव आलं डच जनेव्हरवरून, म्हणजे जुनिपरवरून. जुनिपरची निळसर फळं हा जिनचा प्राण, त्याखालोखाल धने. आपल्या आयुर्वेदाला जुनिपर हपुषा या नावाने जुन्या काळापासून ठाऊक आहे. गेल्या काही वर्षांत गोव्यात जिनचे कारखाने निघाले, त्यातल्या एका जिनचं नावच हपुसा, आणि तिच्यात हिमालयातलं जुनिपर पडतं. जिनची ही वाट फिरून इथवर आलेली पाहून मला मनापासून आनंद होतो.

आता करायला घेऊ. टॉनिकची बाटली लहान घ्या, एका वेळी संपेल अशी. मोठी बाटली उघडून दुसऱ्या दिवशी वापरली की वायू गेलेला असतो आणि कडूही थकल्यासारखा लागतो. टॉनिक आणि जिन दोन्ही आधीच थंड करा, कारण थंड पाण्यात वायू टिकतो. पेला काठोकाठ बर्फाने भरा. थोडा बर्फ लवकर वितळतो आणि पेय पाणचट होतं, भरपूर असला की तुकडे एकमेकांना थंड ठेवतात. त्यावर 60 मिली जिन, म्हणजे मोठा पेग. मग टॉनिक, पेला तिरका धरून कडेने, 150 ते 180 मिली. चमचा एकदाच तळापर्यंत घालून हलकेच वर घ्या. ढवळत बसू नका. कागदी लिंबाची फोड पिळून टाकायची तर आधी तिच्या सालीची बाजू पेल्यावर दाबा. सुगंध रसात नसतो, सालीतल्या तेलात असतो.

साखरेचं एवढं बघा की बऱ्याच टॉनिकमध्ये ती जवळजवळ सरबताइतकी असते. लेबलवर क्विनाईन लिहिलेलं आहे ना, हे वाचा. आणि एकदा घोट घेऊन झाला की नोटा तपासायचा तो जांभळा दिवा घरात असेल तर खोलीतले दिवे घालवून पेल्यावर धरा. क्विनाईनला अतिनील प्रकाशाचा स्पर्श झाला की ते निळं उजळतं. जॉन हर्शेलने 1845 मध्ये या झळाळीकडे जगाचं लक्ष वेधलं होतं. आमच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा तो दिवा धरला तेव्हा बर्फाच्या फटीफटींतून निळं तेज वर आलं, आणि शेजारच्या पेल्यातला साधा सोडा अंधारातच राहिला.