रकान्यांची दोन घराणी

वेबपानावर मजकूर शेजारीशेजारी मांडायला टेबल वापरावे की सीएसएस ही पानाची मांडणी ठरवणारी भाषा, हा वाद नव्वदच्या दशकातला समजतात. मला त्याचे मूळ ६ जानेवारी १८३२ला मुंबईत निघालेल्या ‘दर्पण’मध्ये दिसते. बाळशास्त्री जांभेकरांनी पानाचे उभे दोन रकाने केले, एक मराठीला, एक इंग्रजीला.

रकान्यांची मुळात घराणी दोन. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतली खतावणी हे एक. नाव, वजन, दर, रक्कम अशी नजर आडवी धावते. ओळ सुटली की हिशेब गेला. दुसरे वर्तमानपत्राचे. बाबूराव ठाकुरांनी १९१९ साली बेळगावात काढलेला ‘तरुण भारत’ घ्या. नजर उभी उतरते, शेजारच्या बातमीशी तिचे देणेघेणे नसते.

वेबचे रकाने वर्तमानपत्रातून आले, असे सर्रास म्हणतात. रूप तिथले असेल, हत्यार मात्र खतावणीचे. १९९५ साली नेटस्केपमध्ये टेबल आले आणि आकड्यांसाठीच्या त्या घरांत लोकांनी बातम्या कोंबल्या. डेव्हिड सीगलच्या १९९६च्या पुस्तकाने तर एका पिक्सेलचे पारदर्शक चित्र ताणून मोकळी जागा राखण्याची युक्ती सर्वदूर नेली. खिळे जुळवणारा कंपोझिटर कोऱ्या जागीही शिशाचा तुकडाच बसवी. ही त्याचीच नात!

त्याच वर्षी डिसेंबरात सीएसएस अधिकृत झाले, पण रकान्यांची खास सोय त्यात नव्हती. चित्राभोवती मजकूर वळवणाऱ्या ‘फ्लोट’वर बरीच वर्षे भागवले गेले. मग सीएसएसमध्ये मांडणीसाठीच फ्लेक्सबॉक्स आला आणि २०१७ साली प्रमुख ब्राउझरांत ग्रिड.

मग ‘दर्पण’ कोणत्या घराण्याचा? तोंडावळा वर्तमानपत्राचा, पण मी त्याला खतावणीच्याच कुळात बसवतो. कोणी म्हणेल, वाचकवर्ग दोन होते, ज्याने त्याने आपली भाषा वाचावी. तसेच असते तर इंग्रजीला निराळे पान देणे सोपे नव्हते का? मराठी मजकुरासमोर इंग्रजी ठेवला तो ताडून पाहता यावा म्हणूनच, असे माझे ठाम अनुमान आहे.

सीमाभागात तर मराठी आणि कन्नड शेजारीशेजारी छापायची वेळ नेहमीची. दोन सुटे रकाने फोनवर एकाखाली एक घसरतात. आधी अख्खे मराठी, मागून अख्खे कन्नड. नियमावली असेल तर चौथ्या कलमाचा जोडीदार शोधत बसा. टेबलात जोडी फुटत नाही. अंधांना पान वाचून दाखवणारे स्क्रीन रीडरही टेबल ओळीओळीने वाचतात. बातम्यांच्या मांडणीत ते कटकटीचे ठरते, द्विभाषी मजकुरात नेमके हवे तेच.

तेव्हा बातम्यांना ग्रिड वापरा. मराठी-कन्नड नियमावली असेल तर बेलाशक टेबल करा, आणि प्रत्येक घरावर त्या त्या भाषेची खूण, मराठीला ‘एमआर’ आणि कन्नडला ‘केएन’, न विसरता घाला.