पाखरे, भूकमळे आणि प्रकाशचित्रे

मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू उद्याच्या चिंतेने ग्रासलेल्या माणसांना दोन गोष्टी दाखवतो: आकाशातील पाखरे आणि रानातील फुले. मिस्सेत हा उतारा वाचला जातो तेव्हा प्रवचन बहुधा चिंतेवर होते. पाखरे आणि फुले दृष्टांतापुरती येतात व निघून जातात. मूळ ग्रीक संहितेतील क्रियापदांकडे लक्ष दिले, तर मात्र या दोहोंचे स्थान वाढते. पाखरांसाठी तेथे 'एम्ब्लेप्साते' हा शब्द आहे. त्याचा अर्थ नजर स्थिर करून पाहा. प्रचलित मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी 'निरखणे' हे क्रियापद योजून तो अर्थ नेमका पकडला आहे. फुलांसाठी, म्हणजे मराठी बायबलमधील भूकमळांसाठी, 'काटामाथेते' हा शब्द येतो. त्याचा अर्थ नीट शिकून घ्या. शिष्य या अर्थाचा 'माथेतेस' हा ग्रीक शब्द याच धातूपासून आला आहे. फुलांचे शिष्यत्व पत्करा, असेच जणू प्रभूने सांगितले आहे.

ही आज्ञा आपल्या कोकणात आणि मुंबईत कोणी कशी पाळली, याचा एक छोटा इतिहास आहे. त्यात मिशनरी, धर्मगुरू, एक मुसलमान पक्षिशास्त्रज्ञ आणि चित्रपटगृहांचा एक चिनी मालक अशी नाना प्रकारची माणसे येतात. पनवेलसारख्या गावी आज घरोघरी कॅमेरा आहे. शाळकरी मुलेही गॅलरीतल्या कुंडीवर आलेल्या पाखराचे प्रकाशचित्र टिपतात. म्हणून हा इतिहास आपल्या कुटुंबांना ठाऊक असणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आरंभ मराठीतूनच करावा. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली प्रसिद्ध झाले. त्यात मराठी भाषेची थोरवी सांगताना त्यांनी फुलांतला मोगरा निवडला, परिमळांतली कस्तुरी निवडली आणि पक्ष्यांतला मोर निवडला. परदेशातून आलेला हा धर्मगुरू साष्टीच्या अंगणात डोळे उघडे ठेवून वावरला होता, याची ही साक्ष आहे. पुढे १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे 'हॉर्तुस मलबारिकुस' हा मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ निघाला. त्याच्या आरंभीच्या कामात फादर मॅथ्यू या कार्मेलाइट संन्याशाचा हातभार होता.

त्या काळी फुलाकडे प्रतीक म्हणून पाहण्याची रीत होती. आपल्या कुंपणांवर फुलणाऱ्या कृष्णकमळाचे उदाहरण पाहा. ही वेल मूळची अमेरिका खंडातली. तेथील स्पॅनिश मिशनऱ्यांनी या फुलात प्रभूचे दुःखसहन पाहिले. १६१० च्या सुमारास रोममध्ये जाकोमो बोसिओ यांनी क्रुसावरील आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. तंतूंचे वलय म्हणजे काट्यांचा मुकुट, पाच पुंकेसर म्हणजे पाच जखमा, तीन कुक्षी म्हणजे तीन खिळे, असा तो अर्थ रूढ झाला. हीच वेल आपल्या मुलखात रुजली तेव्हा लोकांनी त्याच तंतूंत शंभर कौरव पाहिले, पाच पुंकेसरांत पांडव पाहिले आणि फुलाला श्रीकृष्णाचे नाव दिले. एका फुलाने दोन श्रद्धांना आपापली कथा आठवून दिली. दोन्ही वाचने भक्तिभावाची आहेत आणि आम्हांस दोन्ही प्रिय आहेत.

तथापि दोन्हींत माणूस आधी ठाऊक असलेलीच गोष्ट फुलात शोधतो. फुलाकडून शिकणे ही त्यापुढची पायरी आहे. कृष्णकमळाचे पुंकेसर खाली वळलेले का असतात? काळा भुंगा मधासाठी वलयाभोवती फिरतो तेव्हा त्याची पाठ त्या पुंकेसरांना घासते, पराग पाठीवर बसतो आणि पुढच्या फुलाच्या कुक्षीला लागतो. ज्यांना आपल्या पूर्वजांनी जखमा म्हटले, तेथूनच त्या वेलीच्या पुढच्या पिढीला जीवन मिळते. हे जाणल्यावर जुने प्रतीक आणखी खोल होते. पण त्यासाठी आधी वेलीपाशी उभे राहावे लागते.

असे उभे राहणाऱ्यांत फादर एथेलबर्ट ब्लॅटर अग्रणी होते. १८७७ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले हे येशूसंघीय १९०३ साली मुंबईस आले. सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकवले आणि तेथे १९०६ साली वनस्पतिसंग्रहाचा पाया घातला. तो संग्रह आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. रानातून फांदी आणावी, टीपकागदांत दाबून वाळवावी, जाड कागदावर चिकटवावी आणि खाली ठिकाण, तारीख, नाव लिहावे, अशी त्या कामाची पद्धत. तारीख व ठिकाण नसलेला नमुना कितीही देखणा असला तरी अभ्यासाला निरुपयोगी ठरतो. ब्लॅटर १९३४ साली निवर्तले. त्यांनी डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्यासह लिहिलेले भारतातील सुंदर वृक्षांवरचे पुस्तक १९३७ साली निघाले. बहावा, पळस, पांगारा, ताम्हण ही आपल्या वाटेवरची झाडे त्यात चित्रांसह आली. पुस्तकाच्या शीर्षकात शास्त्रज्ञाने 'सुंदर' हे विशेषण निःसंकोच ठेवले, हे आम्हांस विशेष वाटते.

त्यांचा वारसा फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनी चालवला. स्पेनमध्ये १९०३ साली जन्मलेल्या या येशूसंघीयांनी पनवेलहून पुण्याकडे जाताना बोरघाटाच्या माथ्यावर लागणाऱ्या खंडाळ्याची पायपीट केली. त्यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. भारत सरकारने १९६७ साली त्यांना पद्मश्री दिली. १९७० साली मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

फुलांचे असे झाले. पाखरांची कथा अधिक कठीण आहे. फुलाची एक फांदी खुडली तरी झाड जगते, पण पक्ष्याचा अभ्यास त्या काळी बंदुकीने होत असे. जवळून पाहायचे तर मारायचे, कातडे सोलायचे, आत कापूस भरायचा. सलीम अली यांचे जीवनही असेच सुरू झाले. दहा-बारा वर्षांच्या या मुलाने खेळण्यातल्या हवाई बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती, हे विचारण्यासाठी तो मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे मानद चिटणीस तेव्हा तेच मिलार्ड होते, ज्यांनी पुढे ब्लॅटर यांच्यासह सुंदर वृक्षांचे पुस्तक लिहिले. त्यांनी मुलाला रागावून घालवले नाही. त्याला पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला. १९१७ साली सलीम अली ब्रह्मदेशातून परतले व व्यापाराचे शिक्षण घेऊ लागले, तेव्हा फादर ब्लॅटर यांनी त्यांना झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र शिकण्यास प्रोत्साहन दिले. एका कॅथलिक धर्मगुरूने सुलेमानी बोहरा घराण्यातील तरुणाचा ओढा ओळखला आणि त्याला बळ दिले. आपल्या संस्थांच्या इतिहासात मोठ्या इमारतींपेक्षा असे प्रसंग अधिक मोलाचे आहेत.

पुढचा टप्पा आपल्या रायगड जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, घडला. १९३० साली सलीम अली जर्मनीतून पक्षिशास्त्राचे शिक्षण घेऊन परतले. पण मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील त्यांची जागा रद्द झाली होती. उत्पन्न नाही म्हणून ते पत्नी तहमीना यांच्यासह अलिबागजवळ किहीमला राहू लागले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. आडोशाला बसून त्यांनी ती दिवसेंदिवस निरखली. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तर नर ते पुरे करतो आणि मग दुसरे विणू लागतो, हे त्यांनी पाहिले. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणांनी त्यांचे नाव झाले. त्यासाठी एकाही सुगरणीचा कापूस भरलेला नमुना पुरेसा झाला नसता. जिवंत पक्षीच पाहावा लागला. त्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्राला 'द फॉल ऑफ अ स्पॅरो', म्हणजे चिमणीचे पडणे, असे नाव दिले. शेक्सपिअरच्या मार्गाने या शब्दांचे मूळ मत्तयाच्या दहाव्या अध्यायात पोहोचते, जेथे पित्याला ठाऊक नसता एकही चिमणी जमिनीवर पडत नाही असे येशू सांगतो. सलीम अली भाविक वृत्तीचे नव्हते. त्यांच्यावर आम्ही आपली श्रद्धा लादणार नाही. परंतु पडलेल्या चिमणीपाशी जो थांबला, त्याला पुढचा मार्ग तिनेच दाखवला, हे खरे आहे.

बंदुकीची जागा कॅमेरा घेऊ शकेल, हे हळूहळू घडले. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या नामांकित प्रकाशचित्रकारांपैकी होते. पण त्या वेळच्या काचपट्ट्यांना बराच वेळ प्रकाश लागे. इमारत स्थिर राही, माणूसही श्वास रोखून बसे; फांदीवरचे पाखरू कसे बसणार? वेगवान फिल्म आणि लांबून टिपणारी भिंगे आल्यावरच ते शक्य झाले. १९४२ साली सिंगापूरहून जीव वाचवून भारतात आलेले लोक वान थो हे त्या काळचे एक मानकरी. ते मलायातील धनाढ्य चिनी घराण्यातले, चित्रपटगृहांचे मालक. त्यांच्या जहाजावर बाँब पडला होता व काही काळ त्यांची दृष्टी गेली होती. मुंबईत सलीम अलींशी त्यांची मैत्री झाली. दृष्टी परत मिळालेल्या या माणसाने पुढे आपला फावला वेळ पाखरांची प्रकाशचित्रे घेण्यात घालवला. त्यांचे 'अ कंपनी ऑफ बर्ड्स' हे पुस्तक १९५७ साली आले. १९६४ साली तैवानमध्ये विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

प्रकाशचित्रकाराला आडोशात तासन् तास गप्प बसावे लागते. आपल्या येण्याने बिथरलेले पाखरू विसावून पुन्हा आपल्या कामाला लागेपर्यंत थांबावे लागते. मौन, प्रतीक्षा आणि स्वतःला लहान करून घेणे, ही आध्यात्मिक साधनेचीही अंगे आहेत. संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनात सृष्टीला देवाविषयी विचारले आणि तिने आपल्या सौंदर्यातूनच उत्तर दिले, असे सांगितले आहे. ते उत्तर ऐकायला प्रश्न विचारणाऱ्याने गप्प राहावे लागते.

आता आपल्या पनवेलकडे वळू. गावापासून दहा-बारा किलोमीटरांवर, मुंबई-गोवा महामार्गालगत, कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य १९६८ साली जाहीर झाले. अंगठ्यासारखा सुळका असलेल्या किल्ल्याभोवतीच्या या रानात दीडशेहून अधिक जातींचे पक्षी आढळतात. येथे पावसाळ्याच्या तोंडाशी तिबोटी खंड्या येतो. मुठीत मावेल एवढा हा पक्षी जांभळा, निळा, पिवळा, नारिंगी अशा रंगांनी नटलेला असतो आणि ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बोगदा करून पिल्ले वाढवतो. त्याचे सौंदर्यच त्याच्या जिवावर उठू पाहते. कोकणात त्याच्या घरट्यांसमोर कॅमेऱ्यांची गर्दी होते, फांद्या छाटल्या जातात, पिल्लांना चारा घेऊन आलेले आईबाप गर्दी पाहून परत फिरतात, अशी चिंता पक्षिमित्र व्यक्त करतात. हातात बंदूक नसतानाही शिकार होऊ शकते.

याच वेळी आपल्या भोवतीचे रान आटत आहे. पनवेलची महानगरपालिका २०१६ साली झाली. विमानतळासाठी उलवे येथील टेकडी सपाट झाली, नदीचा प्रवाह वळवला गेला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. या विकासाने आपल्यातील अनेकांना रोजगार दिला आहे व देईल. त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. पण म्हणूनच चर्चच्या आवारातला बहावा, चाळीमागचा शेवगा, चौथ्या मजल्यावरची जास्वंदीची कुंडी यांची किंमत वाढली आहे. शेवग्याच्या फुलांवर शिंजीर येतो. दयाळ उन्हाळ्यात पहाटे गातो, तो अजून आपल्या प्रभातमिस्सेच्या घंटेआधी ऐकू येतो. शिंपी दोन पाने शिवून घरटे करतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात सांगितले की, प्रत्येक जीवाला माणसाच्या उपयोगापलीकडे स्वतःचे मोल आहे. त्या शिकवणीचा अभ्यासवर्ग आपल्या गॅलरीतच भरू शकतो.

म्हणून आमच्या धर्मग्रामातील तरुणांना आणि पालकांना काही विनंत्या आहेत. घरट्याचे प्रकाशचित्र काढू नये. घरटे दिसले तर पाय मागे घ्यावा. चित्रासाठी फांदी वाकवू नये, पाखराला दगड मारून उडवू नये, मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवून त्याला फसवू नये. चित्र मिळाले की फादर ब्लॅटर यांच्या नमुन्याप्रमाणे त्याखाली ठिकाण, तारीख आणि पाखराचे मराठी नाव लिहावे. नाव ठाऊक नसेल तर घरातल्या आजी-आजोबांना विचारावे. त्यांना बहुधा ठाऊक असते. असे वर्षभर केले तर त्या कुटुंबाकडे आपल्या आवाराची एक वही तयार होईल. दहा वर्षांनी कोणते पाखरू येईनासे झाले, हे ती वही सांगेल.

आणि कधीकधी कॅमेरा खिशातच ठेवावा. येशूसमोर डोंगरावर बसलेल्या लोकांकडे पाखरांचे चित्र नव्हते. मान वर करून पाहण्यापुरता वेळ होता. तेवढा वेळ आपल्या मुलांना मिळावा, आणि त्यांनी मान वर केली तेव्हा पाहायला पाखरू असावे, एवढीच आमची प्रभूचरणी प्रार्थना आहे.